वाडग्यातली वाळू

मयूरीचा पहिला वाढदिवस झाला, त्या वर्षीच्या थंडीत तिचे आजोबा उद्धवराव रोज दुपारी एका काचेच्या टाकीसमोर बसत. टाकीत खारं पाणी होतं आणि तळाला वाळूनं भरलेला वाडगा.

मासा वाळूत आहे, असं त्यांची बायको वनमालाबाई सांगून गेल्या होत्या.

समुद्री मासे हा त्यांचा नाद. नवा मासा आधी वेगळा ठेवायचा, रोग असेल तर तांब्याचं औषध द्यायचं, मगच मोठ्या टाकीत सोडायचा. हा ठिपक्यांचा मासा हैदराबादहून बसनं आला आणि पाण्यात सोडताच वाळूत शिरला. दुसऱ्या दिवशी बाईंच्या पोटात कळा सुरू झाल्या. मुलगा हेरंब त्यांना हैदराबादला घेऊन निघाला.

गाडीत बसताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "वाळू औषध पिते, रोज मोजून टाकत जा. अन् उकरू नका. भ्यालेला जीव हाये, त्याच्या मनानं येईल."

उद्धवरावांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. ते आदिलाबादलाच थांबले.

हेरंब एकटाच परतला. आईचं ऑपरेशन झालं, सुनयना मावशी जवळ आहे, तिच्या वॉर्डात फोन चालत नाही, म्हणाला. मग सून अदिती अंगणात जाऊन मावशीला फोन करायची आणि निरोप आणायची.

"बाबा, आई विचारत होत्या, मासा निघाला का?"

उद्धवरावांनी टाकीत पाहिलं. वाळू तशीच होती. कालचा कोळंबीचा तुकडा पांढरा पडला होता.

"निघाला म्हण. खाल्लं बी म्हण."

"खरंच?"

"तिले बरं वाटू दे न. मग पाहू."

अदिती बाहेर गेली. बऱ्याच वेळानं आली.

"हसल्या म्हणे. म्हणाल्या, तुझ्या सासऱ्याले आंघोळीच्या पाण्याचा अंदाज येत नाही, अन् मासा जगवला."

उद्धवराव खूश झाले. "टोमणे मारते म्हणजे बरी हाये."

मग मासा रोज काहीतरी करू लागला. पोहला, वळला, काचेपाशी आला. तिकडून रोज उत्तर येई.

घर मात्र गप्प होतं. शेजारची चंदा डबा ठेवून न बोलता जाई. वरणाला फोडणी नसे.

"अशी काऊन वागून राह्यली ही? वरण बी बिनफोडणीचं."

"तुमच्या पथ्याचं आहे, बाबा."

हेरंब घरातही कानटोपी काढत नव्हता. थंडी बाधली, म्हणाला. फाटकाशी बायका कुजबुजत आणि उद्धवराव दिसले की थांबत. त्यांना वाटे, मासा मेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. वनमाला येईल, वाडगा उपसेल, मग तिला काय सांगायचं?

एका दुपारी वाळू जराशी फुगली आणि बसली. आत कुणी श्वास सोडावा तशी. त्यांनी काचेला कपाळ टेकलं. काही नाही. पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, बोटं वाळूला लागली. तिथंच थांबली. ओला हात तसाच गार होत राहिला.

दुसऱ्या दिवशी वाळूत आधी एक डोळा दिसला.

तो हलला नाही. उद्धवरावही हलले नाहीत. मग डोकं निघालं, मग ठिपक्यांचं सगळं अंग. मासा समोर येऊन त्यांच्याकडं पाहत राहिला. त्यांनी कोळंबी सोडली. त्यानं ती घेतली.

"अदिती, इकडं ये. हेरंब, तू बी."

मयूरीला कडेवर घेऊन अदिती दारात आली. मागं हेरंब.

"फोन लाव. सांग का आज खरंच निघाला. आतापर्यंत मी खोटं सांगून राह्यलो होतो, ते बी सांग. रागावू दे तिले."

अदितीनं हेरंबकडं पाहिलं. अंगणाकडं कुणीच वळलं नाही.

"लाव न. वाट पाहत असंल ती."

वनमालाबाई मागच्या सोमवारी सकाळी, ऑपरेशनच्या टेबलावरच वारल्या होत्या.