उघाडी

नव्या शहराची भिंत खाडीकाठाने आपोआप वाढत होती. बियाण्यातून वाढणारं जिवंत सिमेंट ते; कुठे थांबायचं, एवढंच त्याला सांगायचं. इंजिनियर वैद्य सकाळपासून तिला विनवत होते, "कृपया प्रवाहास मार्ग द्यावा." भिंत उरलेली फटही मिटवत चालली होती. आत तुंबलेलं पाणी गावाच्या ओट्यांना लागलं होतं.

ठमाकाकींना हसू आवरेना. शहर नव्हतं तेव्हापासून त्या इथले बांध घालत होत्या.

"साहेब, वाटेत बसलेल्या म्हशीला अर्ज करता होय?"

त्यांनी भिंतीवर थाप मारली. "सर गो मागं. पाण्याला उघाडी सोड."

भिंत दारभर सरकली. पाणी धावत खाडीत गेलं.

"तुमचं कसं ऐकते?" वैद्यांनी विचारलं.

"हिचं बियाणं आमच्याच बांधाच्या चिखलातलं ना? जमीन मोजून घेतलीत, इथली बोली शिकून घ्यायची राहिली."