एकेक मांजर

सापगावच्या सुंदरा आणि मैना, सख्ख्या जावा, माझ्या ओट्यावर एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. घराची वाटणी होऊन मधे भिंत आली तेव्हापासून चार वर्षं दोघींचं बोलणं बंद. उंदीर मात्र दोन्हीकडे सारखेच, म्हणून दोघींना एकेक मांजर हवं होतं.

माझ्याकडच्या दोन मांजरी हायवेवर सापडलेल्या, माणसाला बुजणाऱ्या. "वेगळ्या केल्या की दोघी खाणं सोडतात," मी म्हटलं. "नेणार तर दोन्ही एकाच घरात. नाहीतर कल्याणच्या प्राणी-आश्रमाची गाडी त्यांना न्यायला निघालीय."

"मग माझ्याकडं दे," सुंदरा म्हणाली.

"दर्शना, तिला सांग, आधी मी इचारलेलं," मैना अंगणातल्या पेरूकडे बघत म्हणाली.

पिंजऱ्यात काळीने भुरीच्या मानेखाली तोंड खुपसलं होतं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी पिंजरा उचलला, तशी सुंदराने माझा हात धरला आणि जावेकडे वळली.

"मैने, मधल्या भिंतीला खालून भोक पाडू या?"

मैनाने अजून तोंड इकडे वळवलं नव्हतं. "केवढं?"

"आत्ता तरी मांजराएवढंच."