लिंबामागची घळ

घळीच्या तळाशी सायकल टेकवून रेवणप्पा खाली वाकला आणि त्याचं डोकंच फिरलं. मऊ पिवळ्या मातीत टायरचा माग उमटला होता. आत गेलेला आणि आतून परत आलेला.

म्हणजे ही घळसुद्धा हातची गेली.

सोलापुरातून सायकलनं दोन तासांवर, भीमेच्या काठाला पावसाच्या पाण्यानं माळ उभा-आडवा फाडून ठेवलाय. आत उतरलं की दोन्ही अंगांना मातीच्या उंच भिंती, वर आभाळाची पट्टी आणि आसपास चिटपाखरू नाही. सायकलवाल्यांचा एक ग्रुप रविवारी तिकडं जाई. त्यांची रीत ठरलेली होती: घळीत जो पहिल्यांदा उतरेल, त्याचं नाव त्या घळीला.

रेवणप्पाला तेवढंच हवं होतं. मुलानं कापडाच्या दुकानातून त्याला गोडीगोडीनं घरी बसवलं होतं. "अप्पा, आता आराम करा," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून गादीवर स्वतः बसला. उभा जन्म ज्या दुकानात गेला तिथं आता त्याला पाहुण्यासारखा चहा मिळे. एक तरी घळ आपल्या नावाची असावी, एवढी एकच हाव उरली होती. आणि प्रत्येक वेळी हा कोण मेला त्याच्या आधी उतरून जात होता!

तो मागावरून चालत शेवटपर्यंत गेला. घळ जिथं संपते तिथं छातीएवढा एक दगड होता. दगडावर विभूतीची तीन बोटं ओढलेली.

म्हणजे आपल्या लिंगायतांतलाच कुणीतरी. आल्याची खूण म्हणून दगडाला विभूती लावायची, हे रेवणप्पालाही सुचलं असतं. तेच जास्त झोंबलं. आपल्याला सुचायच्या आधी त्याला सुचतं, आपण पोचायच्या आधी तो पोचतो.

तोंडाशी परत येऊन त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कडेला वेडी बाभूळ माजली होती. पासष्टीच्या माणसाला शोभणारं काम नव्हतं, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं उघड्या हातांनी फांद्या मोडल्या. एक वळण सोडून पुढं, जिथून सायकल गेल्यावाचून गत्यंतर नाही, तिथं काटे अंथरले. वरून माती लोटली. ये म्हणावं आता, पुन्हा मिरवायला.

सायकल खांद्यावर घेऊन तो वर आला. लिंबाखाली रत्नदीप बसला होता. जिल्हा परिषदेत नोकरीला असलेला ग्रुपमधला हा पोरगा हल्ली सावलीसारखा मागं असे, पण खाली कधी उतरत नसे. आधी रेवणप्पाचा संशय त्याच्यावरच होता. पण त्याच्या घरात विभूती कुठली असणार?

"झाली का बघून, काका?"

"कसली बघून! आधीच कुणीतरी येऊन गेलंय."

रत्नदीप पाण्याची बाटली पुढं करत म्हणाला, "असू द्या हो. घळीला तुमचंच नाव हाय की."

"तोंडदेखलं बोलू नको. मला ते चालत न्हाय."

रत्नदीपनं बाटलीचं बूच उघडून दिलं.

घरी गौरम्मा दारातच उभी होती. नवऱ्याला आत घेऊन तिनं रत्नदीपला विचारलं, "आज कुटली?"

"लिंबामागचीच, काकू."

"बरं," ती म्हणाली. "तुला लई तरास होतोय बघ, बाबा."

रेवणप्पानं ते ऐकलं आणि त्याला नवल वाटलं. घळीत उतरायचं आपण, त्रास या पोराला कसला?

हळद घेऊन ती त्याच्याजवळ बसली. "हाताला काय झालं वो? किती ओरबाडलंय."

"पडलो."

"आणि विभूती संपली की. परवाच तर नवीन आणली होती."

"मला काय इचारतीस? घरात मी एकटाच लावतो का?"

तिनं त्याच्या तळव्यावर हळद दाबली.

रविवार उजाडला. रेवणप्पानं आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, तिचाच एक खडा खिशात टाकला. रत्नदीप चौकात वाट पाहत होता.

"आज कुठं, काका?"

रेवणप्पानं आवाज खाली आणला. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, तेही पाहून घेतलं. "लिंबामागं एक घळ हाय. तितं अजून कुणी उतरलेलं न्हाय. आज आपलं नाव लागणार बघ."

रत्नदीपनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. "चला की," म्हणाला.

लिंबाखाली पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. रेवणप्पा पोरासारखा हुरळून खाली उतरला, सायकलीवर बसला आणि पहिल्या वळणाआड दिसेनासा झाला. थोड्याच वेळात त्याची आरोळी ऐकू आली. रत्नदीप आयुष्यात पहिल्यांदा त्या घळीत धडपडत उतरला.

रेवणप्पा मातीत बसला होता. दोन्ही चाकं बसलेली. मांडीवर सायकलचं पुढचं चाक घेऊन तो टायरमधला काटा उपसत होता. त्याच्या तळव्यांवर सुकलेले ओरखडे होते, काही ठिकाणी हळद अजून पिवळी दिसत होती.

"लागलं का कुठं?"

"मला न्हाय लागलं. हे बघ." त्यानं मातीखालून एक फांदी ओढून वर धरली. "मुद्दाम अंथरल्यात. वरून माती लोटलीय, दिसू नये म्हणून. तोच हाय हा."

मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो मनापासून हसला.

"केवढा जळतोय रे हा माणूस माझ्यावर!"