चोरीची कबुली

शिंप्याच्या दुकानात ती काजं-बटणं करायची. परवा त्याने शटर ओढून, गळा दाबून तिच्यावर बलात्कार केला. "पोलिसांत गेलीस तर बदनामी तुझीच होईल, मी बघतो त्याच्याकडे," भाऊ म्हणाला आणि ती गप्प बसली. आज भावाने त्याला दुकानातून फरफटत रस्त्यावर आणलं. लोखंडी गजाने आधी गुडघा फोडला, मग तोंड. रक्ताबरोबर दात बाहेर पडले. "अरे, मरेल तो! केलं तरी काय त्याने?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. धावत आलेल्या बहिणीकडे बघत भाऊ अडखळला. "मोबाइल चोरला माझा." शिंप्याने लगेच हात जोडले. "हो, चोरला. चुकलो, दादा." दोघांचं किती पटकन जमलं! तिच्या अंगाची लाही लाही झाली. "चोरी नाही, बलात्कार केलाय याने, माझ्यावर!" "खोटं बोलते ही!" शिंपी किंचाळला. तोवर तिने पोलिसांना फोन लावला होता.