निळ्या दुनियेतलं ऊन

"हे पाहा मोठेबाबा, ही लाल म्हंजे आपली दुनिया." रजतनं लॅपटॉप वासुदेवरावांकडं वळवला. "अन् ही निळी, दुसरी. हिच्यात मानसानं कारखाने, गाड्या काढल्याच नाईत. कोळसा जमिनीतच हाये."

पडद्यावर आलेखाचे दोन डोंगर. एक लाल, एक निळा, अर्धे एकमेकांत घुसलेले. हिंगणीच्या धरणावरून पलीकडच्या टेकड्या अशाच दिसतात, एवढंच वासुदेवरावांना कळलं.

रजत धाकट्या भावाचा मुलगा. पुण्याला हवामानाच्या अभ्यासात होता. गेल्या मे महिन्यात वासुदेवरावांची बायको, जया, बहिणीकडून परतताना भर दुपारी फाट्यावर उतरली आणि घराच्या वाटेवर कोसळली. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. शेजारचे म्हणाले, नशीब. मुलगी मयुरी तेरवीला सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, तुम्ही गाडी घेऊन गेले असते तर?" त्यानंतर तिचा फोन नाही.

म्हणून रजत येऊन बसतो न बसतो तोच त्यांनी विचारलं होतं, "तुले त्यातलं समजते म्हनतात. कोनाच्यानं गेली थे?"

"तशी उन्हाची लाट निळ्या दुनियेत क्वचितच येते," रजत सांगू लागला. "लालमध्ये कितीतरी जास्त येळा. म्हंजे त्या लाटेत मानसाचा हात हाये, हे पक्कं."

"मानसाचा म्हंजे माहा?"

"तुमच्या एकट्याचा नाई. सगळ्याइचा."

"मंग माही चूक नाई?"

रजत अडखळला. "हे आकडे लाटेचं सांगतात, मोठेबाबा. एका मानसाचं नाई सांगत."

वासुदेवराव आणखीच गोंधळले. हात सगळ्यांचा, आणि मेलेल्या एकीबद्दल मात्र कोणालाच काही सांगता येत नाही. हा कसला हिशेब? त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि निळ्या डोंगरावर बोट ठेवलं.

"अठी त्या दिवशी किती ऊन होतं?"

"असा एक आकडा नसते. कंप्युटरवर ही दुनिया हजार येळा चालवून पाह्यली, हजार येळा ऊन निराळं आलं. कधी कमी. कधी आपल्याएवढंच."

"हजार येळा?"

"हो."

बोट पडद्यावरून हललं नाही.

"मंग त्यातल्या एखाद्यात तरी पोचली असन ना रे थे घरी?"