काकूंचं हसू आधी येतं

काकांचा टीव्ही वायरलेस इंटरनेटवर चालायचा, स्वयंपाकघरातला काकूंचा केबलवर. त्यामुळे मालिकेतला विनोद काकूंकडे आधी पोचायचा. त्या आत खळखळून हसायच्या आणि बाहेर काका करवादायचे, "घालवलीस मजा!"

काकू गेल्या. काकांनी केबल काढली, आतला टीव्हीही देऊन टाकला.

"तरी आतून तिचं हसू येतंच," ते इंटरनेटवाल्याला म्हणाले. "माझ्या आधी. तेवढा उशीर काढून टाक बाबा. बिचारी एकटीच हसते."

म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून इंटरनेटवाल्यानं नुसती मान डोलावली. तेवढ्यात आत कुणीतरी हसलं. मग टीव्हीवर विनोद झाला.

त्यानं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. ओटा स्वच्छ, भिंतीवर टीव्हीच्या खिळ्यांची भोकं.

तो गच्चीवर गेला. अँटेना टॉवरकडे नीट वळवली, खाली येऊन बॉक्सचं सेटिंग बदललं आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकला. "आता बघा."

विनोद झाला. स्वयंपाकघर गप्प. काकांचा चेहरा पडला.

आणि सोफ्यावर, दोघांच्या मधोमध, कुणीतरी खळखळून हसलं.

काका लगबगीनं कडेला सरकले. "तूही सरक की जरा," ते म्हणाले. "तिला ऐसपैस बसायची सवय आहे."