देवाने दिलेले डोळे

चष्मेवालीने दोन भिंगं एका नळीत बसवली आणि चंद्रावरचे खड्डे अख्ख्या गल्लीला दाखवले, एवढाच काय तो तिचा गुन्हा. मोठमोठ्या ग्रंथांत चंद्र आरशासारखा गुळगुळीत होता. त्यामुळे नळी जप्त झाली, दुकानाला टाळं लागलं आणि तिला न्यायाधीशांपुढे उभं केलं गेलं.

"अगं, चूक झाली म्हण आणि मोकळी हो," नवरा तिच्या कानाशी पुटपुटला. "पोटापाण्याचा प्रश्न आहे."

"का म्हणू? ते खड्डे काय मी खणलेत?"

न्यायाधीश नळीला डोळा लावतील तर शपथ! "त्यात बघायचंय काय? देवाने दिलेले डोळे तेवढे खरे. काचेतून दिसतं ते सगळं खोटं," असं ठणकावून त्यांनी तिचं दुकान कायमचं बंद करणारा निकाल वाचायला हातात घेतला. मग झग्याच्या खिशात चाचपून चष्मा काढला आणि ऐटीत नाकावर चढवला. गेल्या हिवाळ्यात तिनेच भिंगं घासून बनवून दिलेला चष्मा होता तो.

नवरा "अगं, अगं" करेपर्यंत ती तरातरा पुढे गेली. शिपायांना काही सुचायच्या आत तिने तो चष्मा न्यायाधीशांच्या नाकावरून अलगद उचलला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

 

"हं, वाचा आता महाराज. देवाने दिलेल्या डोळ्यांनी वाचा."